पाल्य सुशांत, वय ३.६

मदत जितक्या लहान वयात मिळेल तितकी ती मुलाच्या जास्त उपयोगी पडते, याबद्दल आता तज्ज्ञांमध्ये दुमत उरलेलं नाही. म्हणूनच अपंगत्व असलेल्या लहानग्यांच्या शिक्षणासाठी चंदीगडमध्ये एक शीघ्र हस्तक्षेप केंद्र आहे. जागा चोवीस, प्रतीक्षायादीत मुलं तीनशे अकरा. (शीघ्र हा शब्द हस्तक्षेपाला लागू आहे, प्रतीक्षेला नाही.) केंद्र कोणत्या सेक्टरमध्ये आहे ते मी सांगत नाही. सांगूनही फरक पडणार नाही, कारण इथले सगळे सेक्टर सारखेच दिसतात.

मी इथल्या विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवतो, त्यामुळे पुढचे आकडे विश्वासाने वाचावेत. यामिनी आमच्याच विद्यापीठात वनस्पतींवर संशोधन करते. तिचा नवरा सुशांत मोहालीत एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. राहतात मुल्लानपूरला, गव्हाच्या शेतात उगवलेल्या एका टॉवरच्या नवव्या मजल्यावर. त्यांची मुलगी गिरिजा साडेतीन वर्षांची. तिला सेरेब्रल पाल्सी आहे. पाय ताठ राहतात, हात मनासारखे वळत नाहीत, शब्द फुटायला फार वेळ लागतो. मत मात्र चटकन तयार होतं. ते मांडायला तिच्या गळ्यात चित्रांची सहा कार्डं असतात : पाणी, खाऊ, शी, अजून, नाही, आणि एक कोरं. कोऱ्याचा अर्थ त्या त्या वेळी ती ठरवते.

अकरा महिने थांबल्यावर तिला जागा मिळाली. रहिवासाचा दाखला पंजाबातला, कारण मुल्लानपूर पंजाबात. निदानाचा कागद हरियाणातला, कारण तिचे डॉक्टर शनिवारी पिंजौरला बसतात. केंद्र चंदीगडचं, म्हणजे केंद्रशासित. एका साडेतीन वर्षांच्या मुलीसाठी तीन प्रशासनं एकाच वेळी कामाला लागतात, हे भाग्य मुंबई-पुण्याच्या मुलांच्या वाट्याला येत नाही.

प्रवेशाच्या दिवशी नोंदणी लिपिक बलजिंदर सिंग यांनी अर्ज संगणकात भरला. बलजिंदरजी अतिशय सुसंस्कृत गृहस्थ आहेत. बाप आणि मुलगी अशी दोन नावं समोर आल्यावर त्यांनी बापाचं नाव आधी घातलं. पहिला रकाना पाल्याचा होता, दुसरा पालकाचा. आता या संगणकाचा नियम असा की पाल्याच्या वयात वर्षं आणि महिने यांच्यामध्ये टिंब असलंच पाहिजे आणि पालकाच्या वयात ते असताच कामा नये. सुशांतचं वय छत्तीस. संगणकाने त्यात टिंब घालून ३.६ केलं. गिरिजाचं ३.६ होतं, त्यातलं टिंब काढून ३६ केलं. अशा रीतीने एकाही आकड्याला धक्का न लावता नोंद पूर्ण झाली, आणि पाल्य सुशांत, वय साडेतीन, वजन ब्याऐंशी किलो, याचा केंद्रात प्रवेश पक्का झाला. (वजनाचा रकाना लाल झाला. आहारतज्ज्ञांनी 'दूध कमी करावे' असा शेरा मारला.)

सुशांतने पावती वाचली आणि खिडकीशी परत गेला.

"सरजी, सिस्टम में तो बच्चा आप हो," बलजिंदरजी म्हणाले.

"मेरी तरफ देखिए एक बार."

बलजिंदरजींनी पाहिलं. प्रामाणिकपणे, बुटांपासून टकलापर्यंत. "देख लिया जी. सिस्टम में फिर भी बच्चा आप हो."

दुरुस्तीची सोय अर्थातच आहे. मात्र पाल्य कायद्याने अज्ञान असल्यामुळे त्याला अर्ज करता येत नाही. तो पालकाने सहीनिशी करायचा. पालक गिरिजा हिने जांभळ्या खडूने नमुना सही केली. अर्जावर दुसरी केली. दोन सह्या जुळल्या नाहीत. तिसरी दोन्हींपेक्षा वेगळी आली आणि थोडी टेबलावरही गेली. चौथ्या वेळी तिने 'नाही' कार्ड दाखवलं. शेवटी बलजिंदरजींनी अंगठ्यावर भागवलं आणि दुरुस्तीला एकशे ऐंशी कार्यालयीन दिवस लागतील असं नम्रपणे सांगितलं. तोपर्यंत पाल्याची हजेरी हवी. तीन खाडे झाले की जागा यादीतल्या पुढच्या मुलाला.

यामिनीने घरी जाता जाता गाडीतच निर्णय घेतला. "तू जायचंस," ती म्हणाली. "आठवड्यातून तीन सकाळी."

"मी? बालवर्गात?"

"गिरिजा तुझी पालक म्हणून सोबत येईल. म्हणजे ती आत असेल. मला बाकी काही नको."

नियमाप्रमाणे विशेष शिक्षिका हरलीन कौर पाल्याच्या घरी पाहणीला आल्या. एकवीस वर्षांचा अनुभव असलेल्या या बाई. त्यांना दारातच सगळा घोटाळा कळला. पण फॉर्म खोटा भरायचा नाही, हेही त्यांचं एकवीस वर्षांचं व्रत. दोन तास त्या सोफ्यावर बसून सुशांतकडे बघत होत्या. मग त्यांनी जे पाहिलं ते लिहिलं, आणि त्यावरून पाल्याची वैयक्तिक शिक्षण योजना तयार झाली. तिच्यातली उद्दिष्टं मी मूळ कागदावरून उतरवून घेतली आहेत :

(१) कुणी बोलत असताना त्या व्यक्तीच्या चेहऱ्याकडे सलग दहा सेकंद पाहणे. (सध्याची पातळी : दोन सेकंद, मग फोन.)

(२) दुसऱ्याचे वाक्य संपेपर्यंत थांबणे. (सध्या : दहापैकी एकदा. ते वाक्य 'चहा घेणार?' असे होते.)

(३) वापरलेली वस्तू जागेवर ठेवणे. ओला टॉवेल ही वस्तू आहे हे ओळखणे.

(४) राग आल्यास 'मला राग आला आहे' असे म्हणणे. (सध्या : दार आपटतो, नंतर वाऱ्याने आपटले असे सांगतो.)

यामिनीने कागद दोनदा वाचला. त्यात दुरुस्ती करण्यासारखं काही तिला सापडलं नाही.

"मॅडम, मेरी बेटी का क्या?" सुशांतने विचारलं.

"आप अपनी कुर्सी पे बैठो जी," हरलीन मॅडम म्हणाल्या. "बेटी को मैं देख लूँगी. कागज में किसका नाम है, ये मेरे हाथों को नहीं पता."

कंपनीत सुशांतने आपल्या मॅनेजरला, अभिषेकला, योजनेचा कागद दाखवून सोमवार, बुधवार, शुक्रवारच्या सकाळी मागितल्या. अभिषेकने सुटी लगेच मंजूर केली. दोन नंबरच्या उद्दिष्टावर बोट ठेवून त्याने एवढंच विचारलं, की टीममधल्या बाकीच्या सात जणांना घेतात का.

अशा रीतीने शिक्षण सुरू झालं. सुशांत बारा इंची खुर्चीवर बसायचा. गुडघे कानाशी यायचे. गोलात त्याच्या डावीकडे एक चार वर्षांची मुलगी असायची जी पहिल्या दिवसापासून त्याला 'बड़ा बेबी' म्हणत होती, आणि केंद्राने त्याच्यासंबंधी केलेलं हे सर्वांत अचूक निदान होतं. वाटीतले राजमे चिमटीने दुसऱ्या वाटीत टाकायचे. पाळी आली की घंटा वाजवायची. पाळी नसेल तर वाजवायची नाही. हा दुसरा भाग सुशांतला सहा आठवडे जमला नाही. पलीकडच्या गादीवर हरलीन मॅडम गिरिजाचे पाय हळूहळू मोकळे करत असायच्या, आणि गिरिजा मान वळवून बापाच्या राजम्यांवर नजर ठेवून असायची. त्याचा एखादा पडला की ती खदखदून हसायची. मग तो मुद्दाम पाडायचा. (हरलीन मॅडमच्या वहीत याची नोंद 'लक्ष वेधण्यासाठीचे वर्तन' अशी आहे.)

पद्धत शास्त्रीय असल्यामुळे गुण येणं अपरिहार्य होतं. तिसऱ्या महिन्यात टॉवेल दोरीवर गेला. चौथ्या महिन्यात सुशांत सोसायटीच्या बैठकीत उभा राहून शांतपणे "मला राग आला आहे" असं म्हणाला आणि खाली बसला. त्या बैठकीत पाण्याच्या टाकीचा प्रश्न सुटला, कारण नंतर कुणालाच काय बोलावं ते सुचलं नाही. यामिनीने एका संध्याकाळी त्याला प्रयोगशाळेतली एक लांबलचक कटकट सांगितली. तो पूर्ण वेळ तिच्याकडे बघत राहिला. ती मधेच थांबली आणि बरं वाटत नाही का म्हणून विचारू लागली.

सहाव्या महिन्यात आढावा आला, आणि सोबत नियम क्रमांक चौदा. योजनेतली ऐंशी टक्के उद्दिष्टं पूर्ण केलेल्या पाल्याला केंद्रातून मुक्त करून मुख्य प्रवाहात सोडण्यात येतं. सुशांतचे अठ्ठ्याऐंशी टक्के झाले होते. तो सुटला की त्याची पालकही सुटणार होती. दुरुस्तीच्या अर्जाचे अजून त्रेचाळीस कार्यालयीन दिवस बाकी होते.

"नापास हो," यामिनी म्हणाली.

"मुद्दाम?"

"मुद्दाम कशाला? तू आधी होतास तसा हो. छत्तीस वर्षांचा सराव आहे तुला."

सुशांत सांगतो, की त्या आठवड्यात त्याला पहिल्यांदा खरी भीती वाटली. गिरिजाची सकाळची गादी, मॅडमचे हात, ते दोन तास. हे सगळं त्याच्या एका टॉवेलवर अवलंबून होतं. त्याने घरी मन लावून तालीम केली. टॉवेल पलंगावर टाकायचा आणि पाच मिनिटांनी उठून गुपचूप उचलून ठेवायचा. यामिनी पुन्हा टाकायला लावायची.

आढावा समिती तीन जणांची होती. अध्यक्ष गोपीनाथजी, एक मानसशास्त्रज्ञ आणि एक प्रशासकीय सदस्य. सुशांतने जीव तोडून प्रयत्न केला. प्रश्न विचारला जात असताना फोन पाहिला. मानसशास्त्रज्ञांचं वाक्य तीनदा तोडलं. पेन उचललं आणि भलतीकडे ठेवलं. घंटा लागोपाठ वाजवली.

पण यात एक अडचण होती. गोपीनाथजी स्वतः फोनमध्ये होते. मानसशास्त्रज्ञांचं वाक्य सुशांतच्याही आधी प्रशासकीय सदस्याने तोडलं होतं. आणि ते पेन, सुशांतने भलतीकडे ठेवल्यावर, त्याच सदस्यांनी खिशात घातलं. सर्वांनी एकमेकांकडे न पाहता एकमताने नोंद केली : 'पाल्याचे वर्तन वयाच्या मानाने अत्यंत प्रगल्भ. आमच्यात सहज मिसळला. मुक्त करावे.'

दारात उभी असलेली यामिनी खाली बसली. सुशांत उठून उभा राहिला. त्याला तालीम आठवेना. "मला भीती वाटते आहे," तो म्हणाला. मराठीत. समितीला भाषा कळली नाही आणि ते वाक्य योजनेतही नव्हतं.

"पालकांची सहमती घ्या, म्हणजे फाईल बंद करू," गोपीनाथजी मान वर न करता हिंदीत म्हणाले. "कौन हैं?"

हरलीन मॅडमनी गिरिजाची चाकाची खुर्ची टेबलापर्यंत नेली. "ये हैं जी. गिरिजाजी. उम्र छत्तीस."

गोपीनाथजींनी फोन खाली ठेवला.

"तो, आपको मंजूर है?"

गिरिजाचा हात गळ्याकडे निघाला. तो सरळ जात नाही. आधी खांद्यावर गेला, मग हवेत, मग कार्डांवर पडला. कुणी तिला मदत केली नाही, कारण हरलीन मॅडमनी डोळ्यांनीच सगळ्यांना जागेवर बसवलं होतं. एक कार्ड टेबलावर आलं. 'नाही'.

"कारण?" प्रशासकीय सदस्यांनी विचारलं. रकाना होता म्हणून.

पुन्हा तो हात, तोच लांबचा रस्ता. या वेळी कोरं कार्ड आलं. ते तिने गोपीनाथजींच्या समोर सरकवलं आणि त्यांच्याकडे बघत राहिली. गोपीनाथजींनीही तिच्याकडे पाहिलं. हरलीन मॅडमच्या घड्याळाप्रमाणे सलग सतरा सेकंद. समितीच्या सदस्याने नोंदवलेला हा आजवरचा उच्चांक आहे.

मग त्यांनी पेन मागितलं, ते सदस्यांच्या खिशातून निघालं, आणि त्यांनी लिहिलं : 'पालकांचा विरोध. कारण सविस्तर मांडले. समितीस पटले. मुदतवाढ एक वर्ष.'

पुढे दुरुस्ती मंजूर झाली, ठरल्या दिवसाच्या एक दिवस आधी. जागा आता गिरिजाच्या नावावर आहे, वय टिंबासकट. सुशांत पालक झाला. बारा इंची खुर्ची परत करताना तो थोडा रेंगाळला, असं बलजिंदरजी सांगतात.

केंद्राने या प्रकरणातून योग्य तो बोध घेतला. सुशांतची फाईल यशोगाथा म्हणून वर गेली आणि प्रौढ पाल्यांसाठी नवी शाखा मंजूर झाली. सेक्टर ३४ मध्ये कोचिंग क्लासच्या वरचा मजला चार दिवसांत मिळाला, शिक्षक नवव्या दिवशी. पहिल्या आठवड्यात चौदाशे अर्ज आले. (अर्जदाराच्या सहीचे अक्षर एक हजार दोनशे अर्जांवर पत्नीचे होते.) सगळ्यांना प्रवेश मिळाला. लहान मुलांच्या यादीत तीनशे अकरा जण आहेत, त्यांच्यासाठी जागा शोधण्याचं काम प्रगतिपथावर आहे.

हे सारं मी आतापर्यंत बऱ्याच जणांना सांगितलं. सगळे मनापासून हसतात. सुशांतच्या टॉवेलचं पुढे काय झालं, अभिषेकने टीमचे अर्ज भरले का, असं आवर्जून विचारतात. गिरिजा या सगळ्या काळात काय शिकली, याचं उत्तर मी हरलीन मॅडमकडून तारीखवार लिहून आणलं आहे, दीड पान आहे. कुणी विचारलं की सांगेन म्हणून ते खिशात ठेवून हिंडतो आहे. तुम्हीही विचारलं नाहीत.