कचरा नसलेल्या गल्लीचा प्रस्ताव

गल्लीत कचरा नव्हता, आणि ही बाब शासनाच्या निदर्शनास फार उशिरा आली. तोवर गल्लीतले लोक बिनदिक्कत स्वच्छ राहत होते. भाजीची देठं, सालं, चहाचा चोथा असं सगळं मागच्या मोकळ्या जागेतल्या खड्ड्यात जाई, त्याचं खत होई आणि त्या खतावर चष्मेवाल्यांच्या थोरल्या वहिनी भाजी पिकवत. दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून, घडी घालून ठेवायची सवय तर इतकी मुरलेली, की नव्या सुनेला आधी ती घडी शिकवत आणि मग स्वयंपाकघराचा ताबा देत.

अडचण आली ती त्या मोकळ्या जागेवर वाहनतळ होणार असं कळल्यावर. थोरले भाऊ गेल्यापासून वहिनींचा सगळा जीव त्या वाफ्यांत होता. ते वाफे जाऊ द्यायचे नाहीत, असं चष्मेवाल्यांनी मनाशी ठरवलं. ते गल्लीच्या समितीचे सचिव होते आणि त्या पदाला तोवर काही काम लागलं नव्हतं. शोधाशोध केल्यावर त्यांना 'स्थानिक पर्यावरण व्यवस्थापन साहाय्य योजना' सापडली. योजनेत बसलेल्या जागेला कुणीही हात लावू शकत नाही, असं तिच्यात स्वच्छ म्हटलं होतं. आपली गल्ली तर योजनेच्याही दोन पावलं पुढे आहे, या खुशीत त्यांनी प्रस्ताव धाडला.

पाहणीला साहेब आले. त्यांनी वाफे पाहिले, खड्ड्यात डोकावून पाहिलं, वहिनींनी दिलेली काकडी खाल्ली आणि ते गंभीर झाले.

"कचरा कुठाय?"

"नाहीच ना साहेब!" चष्मेवाले छाती फुगवून म्हणाले.

"मग व्यवस्थापन कशाचं करणार?"

"ते झालंय की करून."

"परस्पर?" साहेबांचा आवाज चढला. "शासनाच्या साहाय्याशिवाय?"

चष्मेवाल्यांना चोरी पकडली गेल्यासारखं वाटलं. साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. योजना कचऱ्यात कपात करणाऱ्यांसाठी आहे आणि कपातीला मुळात कचरा लागतो, हे त्यांनी शांतपणे समजावलं. "आधी दाखवा, मग कमी करा. तेवढं केलंत की जागा सुरक्षित."

समितीची तातडीची बैठक झाली. शेजारच्या गल्लीतून थोडा कचरा उसना आणावा, असं ठरलं. चष्मेवाले स्वतः गेले. तिथल्या सचिवांनी हात जोडले. "आमचाही प्रस्ताव गेलाय हो. आमचाच आम्हाला पुरत नाहीये."

मग घराघरावर जबाबदारी टाकण्यात आली. लोकांनी मनापासून प्रयत्न केले, पण हाताला वळण नव्हतं. ढिगात पिशव्या घडी घालून आल्या, कागद सुतळीने बांधून आले आणि बाटल्या विसळून, उंचीप्रमाणे रांगेत उभ्या राहिल्या. साहेबांनी मान हलवली. "हा कचरा नव्हे. ही आवराआवर आहे."

तरीही शासनाने गल्लीला वाऱ्यावर सोडलं नाही. 'कचरानिर्मिती क्षमताबांधणी कार्यशाळा' मंजूर झाली. प्रशिक्षक आले, फलक लागले, प्रत्येकाला प्लास्टिकच्या ताटात जेवण मिळालं. जेवण होताच शिवणकामवाल्या काकू सवयीने ताट घासायला निघाल्या, तेव्हा प्रशिक्षकांनी त्यांना प्रेमाने अडवलं. "राहू द्या, काकू. सुटेल हळूहळू."

आणि खरंच सुटली. एकदा ताट टाकून देण्यातलं सुख कळल्यावर लोकांनी मागे वळून पाहिलं नाही. दारोदार पार्सलं येऊ लागली. खोक्यात खोकं, त्यात पिशवी, त्यात फुग्यांची गादी, आणि सगळ्यांच्या आत एक कंगवा. चष्मेवालेही आता आपल्या दुकानात गिऱ्हाइकाला चष्मा तीन डब्यांत घालून देत. पुढच्या पाहणीत साहेबांनी नाकाला रुमाल लावला आणि चष्मेवाल्यांचं अभिनंदन केलं. पायाभूत कचरा सिद्ध झाला होता. आता फक्त तो कमी करायचा होता.

"झालं आपलं काम! उद्यापासून पुन्हा पहिल्यासारखं," चष्मेवाल्यांनी गल्लीत जाहीर केलं.

"पहिल्यासारखं म्हणजे?" त्यांच्याच सुनेने विचारलं. "मी आता दुधाच्या पिशव्या धूत बसू? बाबा, तुम्ही धुवाल का?"

पिशव्या कुणीच धुतल्या नाहीत. ढीग वाढत गेला, आधी खड्ड्यावर आणि मग वाफ्यांवर. वहिनी रोज एका बाजूने तो सारत आणि दुसऱ्या बाजूने तो येई. चष्मेवाल्यांना ते बघवेना. आपणच हे करून ठेवलं, या विचाराने त्यांना अन्न गोड लागेना. शेवटची पाहणी आली तेव्हा ते साहेबांपुढे खाली मान घालून उभे राहिले.

"कपात काही झाली नाही साहेब. दुप्पट झालाय. नामंजूर करा."

"नामंजूर?" साहेब थक्क झाले. "अहो, वाढता कचरा म्हणजे वाढती गरज! तुम्ही थेट दुसऱ्या टप्प्यात गेलात. ही जागा कायमस्वरूपी राखीव. वाहनतळ रद्द!"

गल्लीने टाळ्या वाजवल्या. फलक लागला. वहिनी त्या फलकाखाली येऊन उभ्या राहिल्या.

"भाऊजी, वाचली ना जागा?"

"वाचली, वहिनी."

"मग मी भाजी कुठे लावू?"

चष्मेवाल्यांनी चष्मा काढून पुसला.

दुसऱ्या टप्प्यात इतर वस्त्यांचा कचराही तिथेच आणायचं ठरलं. अधूनमधून पाहुणे हे आदर्श केंद्र बघायला येतात. सगळी स्वच्छ, समजूतदार, पर्यावरणाची काळजी असलेली माणसं. वहिनी खिडकीतून प्रत्येकाला एकच विचारतात, "तुमच्याकडच्या कचऱ्याचं काय करता हो?"

"आमच्याकडे काही त्रासच नाही," पाहुणे हसून सांगतात. "सकाळी गाडी येते, घेऊन जाते."

कुठे नेते, हे मात्र आजवर एकालाही सांगता आलेलं नाही. तुमच्या दारातली गाडीही आज सकाळी येऊन गेली असेलच. इकडे नाकाला पदर धरून वहिनींनी नुकतीच खिडकी लावून घेतली आहे.