आखणीची खोली

हैबतरावांचा गणपतीचा कारखाना चांगला ऐसपैस होता, पण प्रतिक्षाला दार लावून पंधरा मिनिटं बसता येईल अशी त्यात एकच खोली होती. आखणीची. रंगकाम झालेल्या मूर्ती डोळ्यांची आखणी व्हायची म्हणून तिथे येऊन थांबत. आखणी करणारे कारागीर दुपारनंतर बसत, तोवर खोलीत चिटपाखरू नसे.

बाळंतपणाची रजा संपवून ती आठवड्यापूर्वीच रोह्याहून पेणला कामावर परत येऊ लागली होती. ऑफिसातली काचेची केबिन, कड्या नसलेली माडी, सगळ्यांचं मिळून एक बाथरूम, हे सगळं बघून झाल्यावर तिने ही खोली पक्की केली. आत चाळीस गणपती होते हे खरं, पण एकालाही अजून डोळे नव्हते. मग लाज कुणाची धरायची?

"मूर्ती बघून येते," असं सांगून ती अकरा वाजता आत जाई आणि पर्समधलं दूध काढायचं मशीन सुरू करी. घुर्र, फुस्स. घुर्र, फुस्स. बाटली बर्फाच्या पिशवीत ठेवायची, संध्याकाळी घरी न्यायची, ती दुसऱ्या दिवशी मितूला. पाच महिन्यांच्या मितूला पावडरचं दूध तोंडापाशी आणलेलंसुद्धा चालत नसे.

त्या दिवशी मशीन बंद करून ती बाटलीचं झाकण लावणार, तोच दारावर धडाधड थापा पडल्या.

"कोन हाय रं आत? दार कोनी लावलंय?"

मूर्ती उचलणारा जनू होता. प्रतिक्षा गडबडीने उठली, बाटली कलंडली आणि शेजारच्या लाल गणपतीवर दूध उडालं. तिचं तिकडे लक्षच नव्हतं. तिने उरलेल्या दुधाची बाटली आणि मशीन बर्फाच्या पिशवीत कोंबलं, पिशवी त्याच गणपतीमागे ढकलली, ओढणी सारखी केली आणि दार उघडलं.

"मी… मूर्ती बघत होते."

"बघा की. पन दार लावून काय बघताव?"

ती केबिनमध्ये येऊन टेकते न टेकते तोच आतून आरोळी आली.

"शेट! ओ शेट! बाप्पा दूध प्यायला!"

सगळा कारखाना धावला. लाल गणपतीच्या सोंडेवरून पांढरा ओघळ खाली येत होता. जनूने त्यावर बोट फिरवलं. प्रतिक्षा 'नको' म्हणेपर्यंत ते बोट त्याच्या तोंडात गेलंही होतं.

"गायीचं नाय," जनू डोळे मिटून म्हणाला, "म्हशीचं तर नायच नाय. आसलं गोड दूध उभ्या जल्मात नाय चाखलं, शेट!"

प्रतिक्षाने दाराची चौकट घट्ट धरली.

"शेठ, कुणाकडून तरी सांडलं असेल हो."

"कुणाकडून? आपल्या कारखान्यात चहासुद्धा कोरा असतो! दूध येईल कुठून?" हैबतरावांनी मूर्तीपुढे हात जोडले. "तीस वर्षांपूर्वी अख्ख्या देशात गणपती दूध प्यायले. आम्ही घडवलेले मुंबईला प्यायले, पुण्याला प्यायले. आणि मी इथे दिवस मावळेपर्यंत चमचा धरून उभा! एक थेंब घेतला नाही त्याने. आज घेतला." त्यांनी उपरण्याने डोळे पुसले.

रडणाऱ्या साठीच्या माणसाला खरं सांगायचं धाडस प्रतिक्षाला झालं नाही. तेवढ्यात हैबतरावांनी खोलीला दोरी बांधली, चपला बाहेर काढायला लावल्या आणि फोटो सगळ्या ग्रुपवर टाकला. उद्याचं दूध दोरीच्या पलीकडे राहिलं.

बारा वाजेपर्यंत निम्मं पेण पेले घेऊन अंगणात उभं होतं. त्यात रोह्याहून सासूबाईंचा, गिरजाबाईंचा फोन आला.

"गो प्रतिक्षा, काल आनलंस ते अकरालाच संपलं. पावडरचं दिलं तं माज्या तोंडावर थुकला बग! आनी काय गो, तुज्या कारखान्यात देव दूध पितोय म्हनं? मी येतंय ह्याला घेऊन. मला दर्शन व्हईल, ह्याला तू पाज."

"आई, इथे फार गर्दी आहे…"

"मंग देवाच्या दारात काय शुकशुकाट आसतो?" फोन बंद.

दोन वाजता गिरजाबाई रिक्षातून उतरल्या. मितू रडून रडून घोगरा झाला होता. "धर," म्हणून त्यांनी नातवाला सुनेच्या हातात दिलं, पिशवीतून पेला काढला आणि त्या रांगेत घुसल्यासुद्धा. त्याच्या रडण्याने प्रतिक्षाला पान्हा फुटला आणि ओढणी ओली झाली. बसायचं कुठे? केबिनच्या काचेला बाहेरून नाकं लागली होती. बाथरूमला रांग. माडीवर व्हिडिओ काढणारी पोरं.

तिकडे देवही ऐकत नव्हता. हैबतराव पेल्यामागून पेला सोंडेला लावत होते आणि दूध सरळ खाली गळत होतं. लोक कुजबुजू लागले.

"जनूनं टाकली असेल लोणकढी."

"आयशप्पत, चाखलंय मी!" जनू तेच बोट नाचवत रडकुंडीला आला.

मूर्तींना पॉलिश पेपर मारणारी धोंडुबाई मघापासून प्रतिक्षाच्या ओल्या ओढणीकडे बघत होती. ती जवळ आली.

"सकाळी जनूनं चाखलं त्ये तुजं व्हतं नव्हं गो?"

प्रतिक्षाचे डोळे भरून आले. तिने नुसती मान हलवली. धोंडुबाईने पदराचा बोळा तोंडात कोंबला तरी तिचे खांदे गदगदा हलतच होते.

"तरीच मेला म्हनं गोड! रडू नको गो. मिठागराच्या बांधावर बसून सात पोरं पाजली म्या. जागा कोन देत नाय, आपून करायची आसती." आणि तिने गर्दीवरून आवाज टाकला, "शेट! नैवेद्य दावताना आपन पडदा लावतो का नाय? हितं दोनशे मानसं टकामका बघतायत. त्याला डोळं नसतील, पन लाज तं हाय ना! दार लावा. आनी बाप्याच्या हातचं लेकरू कवा प्यायलंय? लेकुरवाळी पाटवा आत."

लोकांना ते एकदम पटलं. हैबतरावांनाही पटलं.

"लेकुरवाळी कोण आहे?"

"ही काय उभी!"

प्रतिक्षाच्या हातात चांदीचा पेला आला. मागून धोंडुबाई, मूर्ती झाकायच्या फडक्यात एक गाठोडं घेऊन. ऐनवेळी गाठोड्याला पेल्याची चमक दिसली आणि ते गप्प झालं. दार लागलं. कडी बसली.

आत प्रतिक्षा भिंतीला टेकून खाली बसली. मितूने अशी झडप घातली की तिचा श्वासच अडकला.

चुटुक. चुटुक. घटक.

जनूने दाराला कान लावला होता. "पितोय! शेट, पितोय!" सगळं अंगण चिडीचूप झालं. "आरं, केवडा घोट घ्येतला!"

हैबतराव हुंदके देत होते. आत प्रतिक्षाने लाल गणपतीकडे बघून हळूच म्हटलं, "माफ कर रे बाप्पा."

"त्याला काय सांगतीस?" धोंडुबाई कुजबुजली. "आयचं दूध त्याला नवं हाय व्हय?"

दहा मिनिटांनी प्रतिक्षाने मितूला खांद्यावर घेऊन पाठ थोपटली. बाहेर सगळ्यांना स्पष्ट ऐकू आला. लांबलचक, भरल्या पोटाचा, खणखणीत ढेकर.

"तृप्त झाला!" हैबतराव दारातच आडवे झाले. "उद्यापासून रोज अकराला नि दोनला दार बंद! हिच्याच हातून! मधे कुणी दार खडखडवलं तर याद राखा!"

रांगेत पुढे उभ्या असलेल्या गिरजाबाईंनी मिटलेल्या डोळ्यांपैकी एक उघडला. गेले पाच महिने तो ढेकर त्या स्वतःच्या खांद्यावर ऐकत होत्या. त्यांनी अंगणभर नजर फिरवली. सून नाही, नातू नाही. दाराकडे बघितलं, लोळण घेतलेल्या शेटकडे बघितलं, जनूच्या बोटाकडे बघितलं.

मग उघडलेला डोळा घट्ट मिटून घेतला आणि सगळ्यांच्या आधी, सगळ्यात मोठ्याने ओरडल्या,

"गणपती बाप्पा…!"