खोली 'जैसे थे'

रस्ते खात्याच्या हेडक्लार्कनी कोर्टाच्या निकालाचा शेवटचा परिच्छेद तीनदा वाचला आणि त्यांचा चेहरा पडला. त्यांचं खातं जिंकलं होतं.

"जिंकलो आपण!" साहेब म्हणाले. "उद्याच ती खोली रिकामी करा. झेरॉक्सचं मशीन बसवू."

"प्रमाणित नक्कल हाती आल्याशिवाय खोलीला हात लावता येत नाही, साहेब," हेडक्लार्क घाईघाईनं म्हणाले. तेवढीच आठ-दहा दिवसांची सोय झाली.

खोली कसली, जिन्याजवळची बारा बाय दहाची कोंदट जागा. एका बाजूला रस्ते खातं, दुसऱ्या बाजूला इमारत खातं. तरुणपणी तिथं दोन्ही खात्यांचा एकेक कारकून टेबलाला टेबल लावून बसायचा. रस्त्याचे हे आपले हेडक्लार्क आणि इमारतीचा त्यांचा जिवलग दोस्त. मग एका साहेबांना ती खोली आपली वाटली, दुसऱ्यांनाही वाटली आणि एकाच सरकारची दोन खाती कोर्टात उभी राहिली. कोर्टानं हुकूम दिला, खोली 'जैसे थे' ठेवा.

कोर्टाच्या मनात फक्त ताबा होता. दोन्ही कारकुनांनी मात्र हुकूम अक्षरशः घेतला. दाराला दोन खात्यांची दोन कुलपं लागली. कॅलेंडरचं पान उलटलं नाही. फळ्यावर 'आज रजेवर' म्हणून ज्या शिपायाचं नाव होतं, तो निवृत्त होऊन आजोबा झाला, तरी फळ्यावर रजेवरच राहिला. धूळ झाडावी का, असं सरकारी वकिलांना विचारलं, तर उत्तर आलं की हुकुमाच्या दिवसाची राहू द्यावी, नंतरची झाडावी. कुठली धूळ कधीची, हे ठरवण्यात दोन वर्षं गेली. पंख्यावर कबुतरानं घरटं केलं, तेव्हा ते रस्त्याचं की इमारतीचं यावर पत्रव्यवहार झाला. उत्तर येईपर्यंत पिल्लं उडून गेली होती.

दर महिन्याला दोघं संयुक्त पाहणीला जात. काम पाच मिनिटांचं, पण अहवालात वेळ कायम दीड तास. आपापल्या जुन्या खुर्चीत बसलं की दोघंही पुन्हा तिशीतले होत. बायको गेल्यापासून हेडक्लार्क महिनाभर त्या दीड तासाचीच वाट पाहायचे.

निकालाच्या दिवशी संध्याकाळी ते दोघं तिथं बसले.

"हरलास रे," हेडक्लार्क म्हणाले.

"मग तुझं तोंड का एवढंसं झालंय?"

"आता कुठं भेटायचं आपण? तू अपील कर की!"

"आमचे साहेब म्हणतात, मुद्देच नाहीत."

"मुद्दे नाहीत?" हेडक्लार्क उसळले. "बावीस वर्षं या केसचे कागद सांभाळताना मी काय गवत उपटत होतो? आमची बाजू कुठं लंगडी आहे, ते माझ्याशिवाय कुणाला ठाऊक? घे कागद!"

त्यांनी एका बैठकीत चौदा मुद्दे सांगितले. दोस्त लिहून लिहून दमला.

दहाव्या दिवशी वरच्या कोर्टाचा हुकूम आला. खोली पुन्हा 'जैसे थे'. साहेबांनी अपिलाची प्रत टेबलावर आपटली.

"कोण लिहितो हो त्यांची अपिलं? एकही मुद्दा खोडता येत नाही! असा हुशार माणूस आपल्याकडे का नाही?"

एवढ्या वर्षांच्या नोकरीत साहेबांच्या तोंडून मिळालेली ही पहिलीच शाबासकी. हेडक्लार्कनी ती खाली मान घालून, गुपचूप पदरात पाडून घेतली.