नैसर्गिक खोली क्रमांक तीन

माणूस कधी मरेल हे कोणालाच सांगता येत नाही. कधी जन्मेल हे मात्र शास्त्राने आता पक्कं केलं आहे. ओहायोतल्या आमच्या हॉस्पिटलात तो बहुधा शुक्रवारी दुपारी साडेचारला जन्मतो.

हे मी मनचं सांगत नाही. तिथल्या रेकॉर्ड रूममध्ये मी अकरा वर्षं फायली लावते आहे. सिझेरियनच्या कागदावर 'कारण' म्हणून एक रकाना असतो. त्यात बहुतेक वेळा 'प्रगती थांबली' असं लिहिलेलं असतं. (प्रगती बाळंतिणीची. डॉक्टरांची चालूच असते.) ही प्रगती सोमवारी सकाळी सहसा थांबत नाही. शुक्रवारी चारच्या सुमारास थांबते, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी तर बारालाच. निसर्गाची ही शिस्त बघून हात जोडावेसे वाटतात.

१९८७ साली आमचं सिझेरियनचं प्रमाण शंभरात एकतीसवर गेलं आणि विमा कंपनीचं पत्र आलं. लगेच समिती बसली. पाच पुरुष आणि दोन अविवाहित बायका. बाळंतपणाचा अनुभव कोणालाच नसल्यामुळे चर्चा निःपक्षपाती झाली. अध्यक्ष आपले नागपूरचे डॉ. नरेंद्र टिपणीस. सोन्यासारखा माणूस, मराठी मंडळाच्या नाटकात दरवर्षी प्रेमळ वडिलांचं काम करतात.

समितीने आधी आमिश लोकांचा अभ्यास केला. हे आमचे शेजारी. घरात वीज नाही, दारात मोटार नाही, घोडागाडीतून फिरायचं आणि बाळंतपण घरीच, सुईणीच्या हातून. त्यांची सुईण ॲना म्हणाली, वर्षाला अडीचशे बाळंतपणं होतात, त्यातल्या दहाजणींना तुमच्याकडे आणावं लागतं. समितीने फायली मागवल्या. दहापैकी आठ आमिश बायकांचं सिझेरियन झालेलं. म्हणजे ऐंशी टक्के! उरलेल्या दोनशे चाळीसजणी घरीच सुखरूप सुटल्या होत्या खऱ्या, पण त्यांची फाईल नव्हती. आणि जिची फाईल नाही ती बाळंत झाली असं कागदोपत्री म्हणता येत नाही. निष्कर्ष निघाला: नैसर्गिक बाळंतपण अत्यंत धोक्याचं असतं.

उपायही सोपा होता. त्या दोनशे चाळीसजणींना हॉस्पिटलात आणलं की सरासरी आपोआप उतरणार. म्हणून खोली क्रमांक तीन 'नैसर्गिक' करण्यात आली. झुलती खुर्ची, हातशिलाईची गोधडी (तैवानची), कंदिलाच्या आकाराचा साठ वॉटचा दिवा, आणि पार्किंगमध्ये घोडे बांधायला दांडा. वर्षभरात त्या दांड्याला एक सायकल बांधली गेली. ॲना एकदा खोली बघायला आली, खुर्चीवर हात फिरवून म्हणाली, "छान आहे. पण घरी आहे."

माझी भाची उत्तरा मात्र त्या खोलीत आली. पहिल्या खेपेला तिची प्रगती थांबली होती. (शुक्रवार, चार पंचवीस.) "मावशी," ती म्हणायची, "सगळे म्हणतात तुला मुलगा झाला. मला वाटतं, मला तो आणून दिला. या वेळी एकदा मला करून तर बघू दे ना."

कळा सकाळी सातला सुरू झाल्या. मी कॅलेंडर पाहिलं. शुक्रवार.

नवरा प्रसन्न, इंजिनिअर. बाळंतपणाचा क्लास करून आलेला. प्रत्येक कळ आलेख-कागदावर मांडत होता. "उत्तरा, श्वास घे! डीप!"

"तू घे रे. मला कामं आहेत."

चारला डॉ. टिपणीस आले. त्यांनी उत्तराकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. "वहिनी, प्रगती जरा स्लो वाटतेय. आधीचा टाका आहे, उगाच रिस्क कशाला? आणि सहाला तालीम आहे."

"बाळाचे ठोके?" मी विचारलं.

"ठोके एकदम उत्तम."

"मग दमलंय कोण?"

ते प्रेमळ वडिलांसारखे हसले आणि थिएटर तयार करायला सांगून गेले. उत्तराने माझं मनगट घट्ट धरलं. "मावशी, काहीतरी कर ना गं." मी फायली लावणारी बाई. मी तिचे केस मागे सारले.

तेवढ्यात खाली आमिशांच्या एका मोटारवाल्या शेजाऱ्याची व्हॅन थांबली. ॲना एका आमिश बाईला घेऊन आली होती. मूल पोटात असतानाच वार सुटलेली, रक्त थांबत नव्हतं. डॉक्टर जिना उतरून पळत गेले आणि अकरा मिनिटांत आई-मूल दोन्ही वाचवली. हात सोन्याचा आहे, हे मी कधी नाकारलेलं नाही. (त्या फायलीत कारणाचा रकाना कोराच आहे. लिहायला कोणाला वेळ नव्हता.)

थिएटर एकच. ते पुन्हा मोकळं होईपर्यंत ॲना वर आली, हात धुतले, झुलत्या खुर्चीत बसली आणि विणकाम काढलं.

"आता काय करायचं?" प्रसन्नने विचारलं.

"आता काही करायचं नाही," ॲना म्हणाली.

ते सगळ्यांना जमलं, आणि पाच पन्नासला मुलगी झाली.

"मावशी, मी केलं गं."

"हो गं बाई. तूच केलंस."

पुढच्या महिन्यात समितीचा अहवाल आला. नैसर्गिक खोलीचं यश: शंभर टक्के (एकीपैकी एक). आमिशांचं प्रमाण: ब्याऐंशी टक्के, चिंताजनक. शिफारस: थिएटर रिकामं नसल्यामुळे एका रुग्णाला ताटकळावं लागलं व तेवढ्यात ती बाळंत झाली; अशी गैरसोय पुन्हा होऊ नये म्हणून दुसरं थिएटर बांधावं. एकमताने मंजूर.

त्याआधीच पुण्याहून ताईचा, म्हणजे उत्तराच्या आईचा, फोन आला होता. गुरुजींनी नातीची पत्रिका मांडली होती. "अगं, चार पस्तीसला झाली असती तर राजयोग होता! अमेरिकेत राहून एवढी वेळ साधता आली नाही तुम्हाला?"

तुम्ही हसलात, बरं केलंत. आता कपाटातली तुमच्या मुलाची पत्रिका काढा. हो, तीच, जिच्यावरून दोन स्थळं परत पाठवलीत. वार बघा, वेळ बघा. मंगळ कुठे होता ते गुरुजींनी लिहिलंच आहे. डॉक्टरांना कुठे जायचं होतं, तेवढं लिहायचं राहिलंय.