आकड्याचं शेपूट

डुलत्या खुर्च्यांच्या त्या कारखान्यात मुख्य तंत्रज्ञाची जागा मालकाच्या मेहुण्यांना मिळाली, ती केवळ मालकाच्या बायकोचे धाकटे भाऊ असण्याच्या अनुभवावर. सगळे त्यांना ‘मेहुणे’च म्हणत. आधीच्या दोन नोकऱ्यांनी त्यांना फार लवकर ओळखलं होतं. “ही शेवटची,” बहिणीने बजावलं होतं. “वृद्धाश्रमाची चाळीस खुर्च्यांची ऑर्डर आण, नाहीतर घरी बस!”

नमुन्याची खुर्ची तयार होती. विजेवर मिनिटाला पंधरा झोके, की म्हाताऱ्या माणसाला बसल्या जागी डुलकी. अडचण एवढीच, की वेग ठरवणारा नवा डबा आला होता आणि त्यावर माप हर्ट्झमध्ये होतं.

“साहेब, हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती ते,” फिटरबाई म्हणाल्या. “आपले झोके मिनिटाला पंधरा. साठनं भागायचं. पाव हर्ट्झ लावा.”

“पाव?” मेहुणे असे हसले, जणू बाईंनी खुर्चीला पाव पाय बसवायला सांगितलं होतं. “अहो, पंधराचं पाव केल्यावर खुर्ची हलेल तरी का? एकक म्हणजे आकड्याचं शेपूट, बाई. शहाण्यानं आकडा धरावा, शेपूट धरू नये.”

हे वाक्य त्यांना इतकं आवडलं, की त्यांनी ते वहीत उतरवून ठेवलं. भागाकार मात्र त्या वहीत कुठेच नव्हता.

वृद्धाश्रमात खुर्चीची परीक्षा घ्यायला निवृत्त जज्जसाहेब बसले. पाठ पाच वर्षांपासून वाकून लाकडासारखी ताठरलेली. स्वभाव त्याच्याही आधीपासून. मेहुण्यांनी डब्यावर झोकात पंधरा लावले आणि बटण दाबलं.

सेकंदाला पंधरा, म्हणजे मिनिटाला नऊशे. एवढे झोके घ्यायला खुर्चीला सवड कुठली? ती जागच्या जागी थरथरायला लागली. जज्जसाहेबांचा चष्मा नाकावरून मिशीवर आला, मिशीवरून मांडीवर.

“ब-ब-बंद क-क-करा!” एवढं बोलून झालं, आणि कवळीनेही तोंड सोडलं.

“रमलेत हो अगदी,” मेहुणे व्यवस्थापकबाईंना म्हणाले आणि बटण शोधायचं सोडून घाम पुसू लागले. शेवटी व्यवस्थापकबाईंनीच वायर उपटली.

जज्जसाहेब उठले. मेहुण्यांच्या डोळ्यांपुढे बहीण उभी राहिली. पण जज्जसाहेब सरळ उभे होते, आणि चक्क छताकडे बघत होते.

“पाच वर्षांनी पंखा दिसला,” कवळी बसवत ते म्हणाले. “पाठ सुटली माझी! चाळीस मागवा. अश्शाच!”

कारखान्यात परतल्यावर मेहुण्यांनी दाजींना ऑर्डर सांगितली, पण थरथर सांगितली नाही. ती सांगायची, तर फिटरबाईंचा भागाकारही सांगावा लागला असता. त्यांनी बाईंच्या हातावर चिठ्ठी ठेवली : ‘खुर्च्या चाळीस. वेग पंधरा.’

“पंधरा काय, साहेब? सेकंदाला की मिनिटाला?”

“झालं तुमचं शेपूट सुरू! पंधरा म्हणजे पंधरा.”

बाईंनी मूळ डिझाइनचा कागद काढला. त्यावर मिनिटाला पंधरा होते. त्यांनी साठने भागलं, चाळीसही डब्यांवर पाव हर्ट्झ लावला आणि वर सील ठोकलं.

आठवड्याच्या आत चाळीसच्या चाळीस खुर्च्या परत आल्या. सोबत जज्जसाहेबांचं पत्र, निकालपत्राच्या थाटात : ‘बसलो. झोप लागली. पाठ जैसे थे. ही उघड फसवणूक आहे.’

दाजींनी पत्र वाचलं, चिठ्ठी वाचली, फिटरबाईंना बोलावून दोन मिनिटं ऐकून घेतलं. मग मुख्य तंत्रज्ञाच्या खोलीची किल्ली त्यांनी बाईंच्या हातात दिली.

“आणि मी, दाजी?”

“तू उद्यापासून रजेवर. पंधरा.”

“पंधरा काय? दिवस?” मेहुणे टेबलावर वाकले. “की महिने? अहो दाजी, पंधरा काय ते तरी सांगा!”

दाजींनी फायलीतून मानही वर केली नाही.

“पंधरा म्हणजे पंधरा.”