पंचनाम्याबरहुकूम

आमच्या हायस्कूलचे गणिताचे शिक्षक श्री. प्रणेशसर यांनी आजवर एकशे बारा मारधाडपटांतील पाठलागांची तपासणी करून मोटारींच्या एकूण चौदाशे सहा चुका काढलेल्या आहेत. ही बाब शाळेच्या वार्षिक अहवालात यायला हवी होती, असे सरांचे मत आहे. खलनायकाच्या काळ्या गाडीची काच फुटते आणि पुढच्याच वळणावर ती आपोआप धड झालेली असते. पाच गिअरच्या जीपमध्ये नायक अकरा वेळा वरचा गिअर टाकतो. चिखलात टायर किंचाळतात. सामान्य माणूस हे बघतो आणि शेंगा खातो. सर मात्र चित्र थांबवतात, वहीत नोंद करतात आणि रविवारी व्हिडिओ करून जगाला दाखवतात. बिदरपासून कलबुर्गीपर्यंत त्यांचे साठ हजार चाहते आहेत. मी त्याच शाळेत कारकून असून सरांच्या वहीत अनुक्रमांक घालण्याचे काम माझ्याकडे आहे. मोबदला काही नाही, पण मान आहे.

गेल्या बुधवारी गावाबाहेरच्या फाट्यावर सत्यभामाबाईंच्या लाल गाडीचा गुरप्पाच्या म्हशीला धक्का लागला. सत्यभामाबाई रोज एकशे वीस डबे करतात आणि त्यांचा मुलगा बालाजी ते या गाडीतून बिदरजवळच्या कोळारच्या कारखान्यांत पोचवतो. म्हैस उठून घरी गेली. गाडी मात्र ठाण्यात गेली. पंचनाम्याला दोन प्रतिष्ठित इसम हवे होते आणि आम्ही समोरच चहा पीत बसलो होतो. हवालदार मल्लप्पा कागद घेऊन आले. सरांनी त्या वेळी मोबाईलवर एक जीप थांबवून धरली होती, कारण आधीच्या दृश्यात नसलेला आरसा तिला आता उगवला होता. नजर न काढता त्यांनी सही केली. सरांनी केली म्हणून मी केली. आमच्याकडे पंचाने कागद वाचत बसणे म्हणजे हवालदारावर अविश्वास दाखवणे समजतात.

शुक्रवारी गाडी सोडण्याचा हुकूम निघाला. त्यात ‘पंचनाम्यात वर्णन केलेली गाडी’ मालकिणीच्या ताब्यात द्यावी, असे स्पष्ट म्हटले होते. पंचनाम्यातली गाडी पांढरी होती. तिचा डावा दिवा फुटलेला होता आणि पुढच्या काचेचा चुरा झालेला होता. ठाण्यात उभी असलेली गाडी लाल होती, तिचा उजवा दिवा फुटलेला होता आणि काच शाबूत होती. झाले होते एवढेच, की मल्लप्पांनी घाईत मागच्या अपघाताचा पंचनामा समोर ठेवून नवा लिहिला होता आणि मजकुरात गाडीचा नंबर आणि म्हैस तेवढी नवी घातली होती.

त्याच दुपारी सत्यभामाबाई कागदाची झेरॉक्स घेऊन शाळेत आल्या. दोन दिवस त्यांनी रिक्षा करून डबे पाठवले होते, तेही तास-तासभर उशिरा. सोमवारपासून डबे वेळेवर आले नाहीत तर काम बिदरच्या हॉटेलला देऊ, असे कारखान्याने कळवले होते. हाताखालच्या चार बायकांना त्यांनी अजून काही सांगितले नव्हते.

“ही सही तुमचीच न्हवं का, सर?”

सरांनी मान डोलावली.

“पिक्चरमधल्या गाडीचा आरसा बी मोजायलाव तुमी. मग माझ्या गाडीचा रंग कामून दिसला न्हाई?”

मला लाज वाटली. पण वाटलेली लाज कुठल्या अर्जात लिहायची, हे आम्हा कारकुनांना शिकवलेले नसते.

आम्ही तिघे ठाण्यात गेलो. मल्लप्पांनी बाईंना खुर्ची दिली, पाणी दिले आणि अडचण समजावून सांगितली. पंचनामा दुरुस्त करायचा तर दोन्ही पंचांनी आधी खोटी सही केल्याचे लिहून द्यावे लागेल. दोघेही सरकारी नोकर, तेव्हा खात्यामार्फत चौकशी लागेल. सरांना पेन्शनला सहा वर्षे राहिली आहेत आणि मला नऊ. आम्ही दोघेही भिंतीवरचे वाहतुकीचे नियम वाचू लागलो.

“अक्का, कागद बदलता येत न्हाई,” मल्लप्पा मृदूपणे म्हणाले. “गाडी बदलता येती.”

बाईंनी आमच्याकडे एकदा बघितले आणि रंगारी बोलावला.

शनिवारी ठाण्याच्या आवारात गाडी पांढरी झाली. सर वही घेऊन हजर होते. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या चुका मोजल्या होत्या, एकही चूक नसलेली गाडी घडवण्याची संधी त्यांना प्रथमच मिळत होती. उजवा दिवा नवा बसवला. डावा सरांनी स्वतः दगडाने फोडला. काचेवर पहिला घाव हलका पडला, तेव्हा पंचनाम्यात ‘चुरा’ असा शब्द आहे याची त्यांनी बालाजीला आठवण करून दिली. बालाजीने डोळे मिटून दुसरा घाव घातला. सरांनी सगळे दोनदा ताडून पाहिले आणि वहीत ‘चुका : शून्य’ असे लिहिले.

रविवारी सकाळी मोठे साहेब आले. त्यांनी आरसी बुक उघडले. त्यात गाडी लाल होती. साहेब कर्तव्यदक्ष असल्यामुळे दोन गोष्टी त्यांच्या तत्काळ ध्यानात आल्या. एक, ठाण्याच्या ताब्यातली लाल गाडी नाहीशी झालेली आहे. दोन, आवारात एक बेवारस पांढरी गाडी उभी आहे. नंबर दोन्हींचा एकच निघाला, त्यामुळे बनावट नंबराचे कलम वाढले. मल्लप्पा नवा पंचनामा लिहायला बसले आणि दोन प्रतिष्ठित इसम तिथेच उभे होते. या खेपेस सरांनी अक्षर न् अक्षर वाचले. आवारात लाल गाडी दिसून आली नाही, असे त्यात लिहिले होते आणि ते खरेच होते. सरांनी सही केली. त्यांच्याखाली मी केली.

सत्यभामाबाई रंगाऱ्याचे पैसे चुकते करून घरी गेल्या. ते मात्र सरांना सोसले नाही. संध्याकाळी त्यांनी व्हिडिओ केला. आधी लाल गाडीचा फोटो, मग पांढरीचा, खाली दोन्ही पंचनामे. हा पिक्चर नाही, उद्या सकाळपर्यंत या बाईंना गाडी मिळाली नाही तर त्यांचे काम जाईल, ठाण्यात फोन करा, असे त्यांनी हात जोडून सांगितले.

रात्रीतून दोन लाख लोकांनी तो बघितला. प्रतिक्रिया नऊशे आल्या. पहिल्या दृश्यात गाडी लाल आहे आणि दुसऱ्यात पांढरी, ही चूक सातशे जणांनी पकडली होती. उरलेल्यांना दिवा सापडला होता. औरादच्या एकाने तर दोन्ही फोटोंत गाडीची सावली वेगळ्या बाजूला पडते, हे दाखवून दिले. सरांनी सवयीने त्याचे आभार मानले.

सोमवारी कोळारला बिदरच्या हॉटेलचे डबे गेले. मधल्या सुट्टीत सत्यभामाबाई शाळेच्या फाटकाशी आल्या. चारही बायकांना घरी पाठवून आल्या होत्या.

“एवढ्या लोकांनी बघितलं म्हणायलाव. ठाण्यात एकानं तरी फोन केला का?”

कुणी केला नव्हता. मीही नाही.

तुम्ही मात्र जाणकार वाचक आहात. दिवा आधी उजवा फुटला होता की डावा, हे तुम्ही आता वर जाऊन ताडून बघाल. जरूर बघा, मी दोनदा तपासले आहे, मजकूर बरोबर आहे. झाले बघून, की खाली सही करा.