वाटणीतलं सूप

कचऱ्याची गाडी नेहमीची धून वाजवत गल्लीच्या टोकाला वळून दिसेनाशी झाली आणि श्यूलानच्या दारात दोन्ही पिशव्या जागच्या जागी उभ्या राहिल्या.

वाटणी तिनेच केली होती. दंतवैद्याच्या दवाखान्यात दिवसभर उभं राहायचं आणि घरी येऊन पुन्हा चौघांचं करायचं, याला ती विटली होती. म्हणून महिन्यापूर्वी तिने सगळ्यांना समोर बसवलं. नवऱ्याकडे, म्हणजे वेनबिनकडे, कपडे, चौदा वर्षांच्या युटिंगकडे भांडी, धाकट्या कायशियांगकडे कचरा, स्वयंपाक तिचा. तिघंही एका सुरात हो म्हणाले, तिथेच तिने ओळखायला हवं होतं.

आठवड्याभरात अदलाबदल सुरू झाली. कायशियांगने कचरा बहिणीच्या गळ्यात मारून भांडी घेतली. बहिणीने कचरा बापाला दिला आणि कपडे घेतले. मग दोघांच्या परीक्षा आल्या. भांडी आईकडे आली, मागोमाग कपडेही आले. उरलेला कचरा वेनबिनचा, आणि वेनबिन बेसबॉलचा सामना बघत होता.

"गाडी गेली," श्यूलान म्हणाली.

"मग उद्या टाकतो की."

"उद्या बुधवार. गाडी नसते. त्यात आजची कोळंबीची सालं आहेत, माशाची डोकी आहेत. या उकाड्यात घर सोडून जावं लागेल आपल्याला."

वेनबिन उठला. सालं आणि डोकी एका गुलाबी पिशवीत बांधून त्याने फ्रीझरमध्ये टाकली. तैवानच्या या कीलुंग शहरात निम्मी घरं हेच करतात. पण बायकोचा चेहरा काही निवळेना, तेव्हा उद्याचा स्वयंपाक युटिंग करेल, असं त्याने जाहीर करून टाकलं. दुसऱ्याच्या कामाच्या बाबतीत तो कायमच उदार होता. उद्या आपली आई जेवायला येणार आहे, हे मात्र सांगायचं तो विसरला.

बुधवारी श्यूलान दमून जिना चढली तर वरून सुरेख वास येत होता. टेबलाशी सासूबाई बसल्या होत्या. सोळा वर्षांत सुनेच्या हातची एक वाटी त्यांनी कधी संपवली नव्हती. आज त्या सूपची दुसरी वाटी पीत होत्या. श्यूलानने बसून आपली वाटी प्यायली. सूप खरंच छान होतं.

"श्यूलान, पोरीकडून शिक जरा," सासूबाई म्हणाल्या आणि युटिंगकडे वळल्या. "काय घातलंस गं यात?"

"काही नाही आजी. फ्रीझरमध्ये गुलाबी पिशवी होती, कोळंबीची सालं न् माशाची डोकी. आईनेच जपून ठेवली असणार. आलं टाकलं आणि उकळलं."

वेनबिनचा चमचा ओठांपाशी थांबला. त्याने बायकोकडे बघितलं. त्यातलं प्रत्येक साल काल याच टेबलावर कुणी ना कुणी चोखून टाकलेलं होतं. कायशियांग वाटी तोंडाला लावून तळ गाठत होता.

श्यूलानने रिकामी वाटी खाली ठेवली. सांगावं, तर युटिंग जन्मात पुन्हा शेगडीजवळ फिरकणार नाही, आणि सासूबाई सकाळपर्यंत गावभर करतील. तिने पातेल्याकडे बघितलं. वाफ अजून निघत होती. लग्न झाल्यापासून या घरात दुसऱ्या कुणी रांधलेलं काही तिच्यापुढे आयतं आलं नव्हतं.

"अजून आहे का गं?" तिने विचारलं आणि वाटी पुढे केली.